शब्द आणि त्याची खूण

तुकोबारायांच्या गाथेत एक लहानसा अभंग आहे. कीर्तनाला तो फारसा कोणी घेत नाही, कारण वरवर पाहता ती एक गंमतच वाटते. बायको कर्नाटकातली, नवरा मराठी मुलखातला. लग्न लागले, संसार मांडला, परंतु तिचे बोलणे त्याला कळेना आणि त्याचे तिला कळेना. एके दिवशी तिने त्याला हाक मारली. 'इल बा' म्हणाली. कानडीत 'इल्लि' म्हणजे इथे आणि 'बा' म्हणजे ये. 'इकडे ये' एवढेच तिला म्हणायचे होते. नवऱ्याला वाटले, हिने काहीतरी आण घातली! आणि तो पळत सुटला. तुकोबा देवाला म्हणतात की माझे तुझ्याशी असे होऊ देऊ नकोस, मला सज्जनांची संगत दे.

वाचकहो, या अभंगावर आमचे बरेच दिवस चिंतन चालले आहे. हाक होती 'ये' अशी, आणि ऐकणारा पळाला. शब्द कानावर नीट पडला होता, बोलणारीच्या मनात मायाच होती, ऐकणारा काही बहिरा नव्हता. मग चुकले कुठे? आणि तुकोबांनी या दुखण्यावर औषध मागितले ते कसले? कोश मागितला नाही, दुभाषी मागितला नाही, संगत मागितली. हे काय आहे, ते आपण या पाठात जरा सावकाश पाहू.

आमच्या दिंडीत पूर्वी विजापूरच्या बाजूचे एक वृद्ध वारकरी येत. सगळे त्यांना अज्जा म्हणत. कानडीत अज्जा म्हणजे आजोबा. मराठी त्यांना अभंगापुरती येई. अभंग तोंडपाठ, टाळ पक्का, पण साधे 'पाणी कुठे मिळेल' हे विचारायचे झाले तर हातवारे. मुक्कामावर हरिपाठ झाला, भाकरी खाऊन झाली, की ते घोंगडीवर पाय पसरत आणि एकच वाक्य दोन-तीनदा म्हणत, 'बा विठला, बा.' आम्हांला ते फार गोड वाटे. 'बा' म्हणजे बाप हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हातारा देवाला बाप म्हणून आळवतो आहे असे समजून आम्हीही कधी कधी त्यांच्या सुरात सूर मिळवून तसेच म्हणत असू.

असे चार-पाच वर्षे चालले. पुढे एकदा त्यांचा नातू बरोबर आला. तो शिकलेला, दोन्ही भाषा जाणणारा. आम्ही त्याला कौतुकाने म्हटले, 'तुझे अज्जा देवाला बाप म्हणून काय सुंदर हाक मारतात!' तो हसला. म्हणाला, 'महाराज, बाप नाही. बा म्हणजे ये. अज्जा म्हणतात, विठ्ठला ये.'

आम्ही चकित झालो. अहो, आपण सगळे चाललो आहोत त्याच्याकडे आणि हा गृहस्थ वाटेत पडून त्यालाच ये म्हणतो! नातवाकरवी विचारले तेव्हा अज्जांनी गुडघ्यावर हात फिरवीत उत्तर दिले की मी इतके आलो, आता थोडे त्याने यावे.

आता यात आमचे ऐकणे अगदीच वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही. बाप म्हणणे आणि ये म्हणणे यांत शेवटी लेकराचीच भाषा आहे. तरी पण अज्जांचा अर्थ अज्जांचा होता, आणि आम्ही तो चार-पाच वर्षे आमच्याच अर्थाखाली झाकून ठेवला होता. आणखी एक गोष्ट नातवाने सांगितली. कानडीत मान देऊन बोलवायचे तर 'बन्नि' म्हणतात. 'बा' हे एकेरी. लेकराला, सोबत्याला, घरच्या माणसाला बा. म्हणजे अज्जांच्या त्या एका अक्षरात जवळीकही होती. ती तर आम्हांला मुळीच ऐकू आली नव्हती.

देव स्वतः कानडा आहे असे आपले संतच म्हणत आले. ज्ञानदेवांच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलाला कानडा म्हटले आहे आणि कर्नाटकु म्हटले आहे. त्या दोन शब्दांवर कीर्तनकारांनी किती तासांची कीर्तने केली असतील! कोणी म्हणतात, कर्नाटकातून आलेला म्हणून कानडा. कोणी म्हणतात, ज्याची भाषा आपल्याला कळत नाही, जो आकळत नाही, तो कानडा. कर्नाटकु म्हणजे त्या देशीचा, आणि पुन्हा कर्नाटकु म्हणजे नाटक करणारा, नाना रूपे घेणारा. इतिहासाच्या अभ्यासकांना विचाराल तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात विष्णू या शब्दाचे कानडी मुखात बिट्टी असे रूप झाले आणि त्यातून विठ्ठल हे नाव आले असे मत मांडले आहे. पंढरपूरचेही जुन्या कानडी लेखांत पंडरगे असे नाव येते. पुरंदरदासांनी कानडीत जी पदे रचली त्यांत त्यांची नाममुद्रा पुरंदर विठ्ठल अशी आहे. म्हणजे आपल्या दैवताचे नावच दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे आहे. त्यामुळे शब्दाचा एकच अर्थ धरून भांडण्याची सोय वारकऱ्याला मुळातच ठेवलेली नाही.

आता थोडे शास्त्र. थोडेच, कारण या बाबतीत शास्त्र सोपे आहे आणि अंमल अवघड आहे.

आपल्या जुन्या पंडितांनी शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या. अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. शब्द उच्चारताच जो सरळ अर्थ उभा राहतो तो वाच्यार्थ, तो अभिधेने मिळतो. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याजवळचा दुसरा घ्यावा लागतो, तो लक्ष्यार्थ. आणि सरळ अर्थ नीट जुळलेला असूनही त्याच्या पलीकडे जे काही सुचविले जाते, ते व्यंग्य. 'गंगेवर गवळीवाडा' हे शास्त्रातले ठरलेले उदाहरण. प्रवाहावर वाडा कसा राहील? म्हणून गंगेवर म्हणजे गंगेच्या काठावर, ही लक्षणा. आणि काठावर न म्हणता गंगेवर म्हटले, कारण तिथला गारवा आणि पावित्र्य सुचवायचे होते, ही व्यंजना.

आपल्याला गंगेपर्यंत जाण्याचे कारण नाही. 'पालखी जेवायला थांबली' असे आपण रोज म्हणतो. पालखी काय जेवणार? 'आळंदी निघाली', 'पंढरी गजबजली' ही सगळी लक्षणा आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की कोणाच्या ध्यानातही येत नाही.

व्यंजनेचे पंडितांचे उदाहरण याहून सुंदर आहे. 'सूर्य मावळला' एवढे एकच वाक्य. गुराख्याला त्यातून कळते की गुरे वळवावीत. बटूला कळते की संध्येची वेळ झाली. चोराला त्याचा आपला अर्थ कळतो. वाक्य एक, सूर्य एक, अर्थ मात्र ऐकणाऱ्यागणिक निराळा. आम्ही हे पाठशाळेत शिकलो तेव्हा परीक्षेपुरते लक्षात ठेवले. पण एकदा तरडगावच्या मुक्कामाला, दिंडी येऊन नुकती टेकली होती, कोणीतरी सहज म्हणाले, 'दिवस बुडाला बरं का.' आणि आम्ही पाहत राहिलो. स्वयंपाकाच्या बाया उठून चुलीकडे गेल्या. विणेकऱ्याने वीणा सारखी केली. तंबूवाले खुंट्या पाहायला धावले. एका म्हाताऱ्याने पायाला लावायची तेलाची बाटली काढली. एक पोरगे रडू लागले, कारण दिवस बुडाला म्हणजे आई आठवायची वेळ. कोणालाही कोणी काही काम सांगितले नव्हते. त्या दिवशी काव्यशास्त्रातले ते प्रकरण आम्हांला खरे कळले, असे म्हणायला हरकत नाही.

आता यातली मेख अशी की जो दिंडीत नवा आहे त्याला 'दिवस बुडाला' यातून दिवस बुडाला एवढेच कळेल. तो तसाच बसून राहील. तो आळशी ठरेल, आणि त्याला कळणारही नाही की आपण आळशी का ठरलो! परभाषेच्या माणसाचे, परगावाहून लग्न होऊन आलेल्या सुनेचे, शहरातून प्रथमच वारीला आलेल्या मुलाचे असेच होते. शब्द त्यांना येतात. शब्दाच्या मागची वहिवाट येत नाही.

माउली हा शब्द घ्या. कोशात पाहाल तर आई. आळंदीत म्हणाल तर ज्ञानेश्वर महाराज, आणि तिथे हा वाच्यार्थच होऊन बसला आहे. आता वारीच्या रस्त्यावर या. गर्दी आवरणारा पोलीस म्हणतो, 'माउली, बाजूला व्हा.' पाणी वाटणारा मिशाळ पैलवान म्हणतो, 'माउली, पाणी घ्या.' ज्याचा पाय आपल्या पायावर पडला त्यालाही आपण, जरा कळवळून का होईना, 'अहो माउली' असेच म्हणतो. एकदा परदेशातून अभ्यासाला आलेल्या एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारले की तुम्ही दाढीवाल्या पुरुषांना आई का म्हणता? आम्ही त्याला ज्ञानदेवांचे चरित्र सांगितले, भक्तांवर त्यांची माया कशी होती ते सांगितले. तो वहीत लिहून घेत होता. तेवढ्यात एका बाईने त्याच्या पानात दुसरी भाकरी टाकली आणि म्हणाली, 'माउली, लाजू नका, खावा.' त्याने आमच्याकडे पाहिले आणि वही मिटली. आमचे व्याख्यान अर्धेच राहिले, पण तक्रार करण्यासारखे काही नव्हते.

तसाच वारी हा शब्द. पंढरीची वारी म्हटले की ऊर भरून येतो, आणि कचेरीच्या वाऱ्या म्हटले की कपाळाला आठी पडते. दोन्हींत जाणे-येणे तेच, पुन्हा पुन्हा जाणे तेच. एकीत जायला मिळते, दुसरीत जावे लागते. हा फरक शब्दात कुठेच लिहिलेला नाही. 'माळ घातली' याचेही पाहा. आपल्यात मुलाने माळ घातली म्हणजे त्याने तुळशीची माळ धारण केली, मांस-मद्य सोडले, वारी धरली. आपल्या रिवाजाबाहेरच्या एका सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या आजोबांनी मोठ्या अभिमानाने सांगितले की नातवाने गेल्या कार्तिकीलाच माळ घातली आहे. मुलीकडचे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना वाटले, एक लग्न झालेले दिसते! खुलासा होईपर्यंत चहा गार झाला.

हे हसण्यावारी गेले. सगळेच हसण्यावारी जात नाही.

वेदान्तात तर शब्दाच्या अर्थावर मोक्ष टांगलेला आहे. छांदोग्य उपनिषदात उद्दालकाने आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, ते ब्रह्म तूच आहेस असा उपदेश केला. वाच्यार्थ धरला तर जुळत नाही. कुठे सर्वज्ञ, सर्वशक्तिमान ईश्वर, आणि कुठे बारा वर्षे शिकून ताठून घरी आलेला मुलगा! म्हणून आचार्यांनी भागत्याग लक्षणा सांगितली. 'ते' या पदातील ईश्वरपणाची उपाधी सोडा, 'तू' या पदातील जीवपणाची उपाधी सोडा, उरते ते चैतन्य दोन्हीकडे एकच. 'तोच हा देवदत्त' असे आपण म्हणतो तेव्हा लहानपणी पाहिलेले वय, तो गाव, ते कपडे सोडूनच म्हणतो ना? तसे. उपाधी न सोडता जो हे वाक्य धरील त्याच्या पदरी अहंकाराशिवाय काही पडणार नाही. वाक्य तेच, एकाला तारते आणि दुसऱ्याला फुगवते. माउलींनी अमृतानुभवात शब्दखंडन असे एक प्रकरणच घातले आहे आणि शब्दाची धाव कुठवर, ते तिथे दाखविले आहे. ते प्रकरण स्वतंत्र पाठाचा विषय आहे, म्हणून इथे हात लावीत नाही.

भाषा ओलांडून शब्द गेला म्हणजे काय होते, याचे आपल्या संप्रदायातले सर्वांत मोठे उदाहरण नामदेवराय. पंढरीचा शिंपी पंजाबात गेला. तिथे घुमान गावी त्यांचे स्थान आजही आहे, आणि २०१५ साली ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले, अध्यक्ष होते तुकोबारायांच्या कुळातले डॉ. सदानंद मोरे. शिखांचा आदिग्रंथ १६०४ साली गुरू अर्जनदेवांनी सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांत विठ्ठलाचे नाव बीठल, बीठुला अशा रूपांत येते. आता विचार करा. आपण विठ्ठल म्हटले की डोळ्यांपुढे वीट येते, कटीवरचे हात येतात, कानातले मासे येतात, समोर चंद्रभागा येते. शीख भाविक गुरुद्वारात तेच नाव ऐकतो तेव्हा त्याच्यापुढे कोणतीही मूर्ती येत नाही. तो सर्व ठायी भरलेल्या, निराकार परमेश्वराचे नाव ऐकतो. आमचे एक स्नेही घुमानला जाऊन आले आणि जरा हिरमुसून म्हणाले, 'नाव आहे हो, पण आपला विठोबा नाही.' आम्ही त्यांना इतकेच विचारले की इकडे आपल्या गाथेतही नामदेव तुम्हांला सर्वत्र विठ्ठलच भरला आहे असे सांगत नाहीत का? विटेवरचा अर्थ आपल्या वाट्याला आला, भरून राहिलेला तिकडच्यांच्या वाट्याला आला. नामदेवरायांच्या मुखात दोन्ही एकत्र होते. वाटणी झाली ती ऐकणाऱ्यांत.

उलट दिशेनेही शब्द प्रवास करतो. इंग्लंडातून आलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापले. ख्रिस्ती लोकांच्या स्वर्गासाठी त्यांनी शब्द घेतला वैकुंठ! काय करतील? ऐकणाऱ्याच्या कानात जी जागा आधीच तयार आहे, तिथेच नवा अर्थ उतरवावा लागतो. पण जागा रिकामी नसते. वैकुंठ म्हटले की आपल्याला तुकोबारायांचे प्रयाण आठवते, भूवैकुंठ पंढरी आठवते. आता हा शब्द कुठवर आला आहे पाहायचे असेल तर पुण्यात रिक्षात बसून 'वैकुंठला चला' म्हणावे. रिक्षावाला गंभीर चेहरा करून तुम्हांला स्मशानात नेऊन सोडतो.

इंग्रजीचा विषय निघालाच आहे तर एक सांगण्यासारखी गोष्ट आहे. आपण देवाला तू म्हणतो. आईला बहुतेक घरी तू. सासऱ्याला तुम्ही, मामलेदाराला आपण. जनाबाईंनी तर प्रेमाच्या भांडणात देवाला विठ्या म्हटले आहे. इंग्रजीत आता सर्वांना एकच 'यू', त्यामुळे अभंगातला तू तिकडे गेला की त्याचा गोडवा जिरतो. पूर्वी त्यांच्याकडेही जवळच्या माणसासाठी 'दाऊ' हा एकेरी शब्द होता आणि त्यांच्या जुन्या बायबलात देवाला तोच लावला आहे. बोलण्यातून तो शब्द गेला, प्रार्थनेत तेवढा राहिला. आता कित्येक इंग्रजी बोलणाऱ्यांना तो फार भारदस्त, लांबून हात जोडल्यासारखा वाटतो. जो शब्द मांडीवर बसण्याचा होता, तो दरबारात उभा राहण्याचा झाला. कोणी मुद्दाम केले नाही. वापर सुटला की असे होते.

आपल्याकडेही होते. पसायदानातल्या 'खळ' या शब्दाने लहान मुलांना भिंतीला कागद चिकटवायची खळ आठवते. आणि 'व्यंकटी' म्हणजे तिरुपतीचा व्यंकटेश असे समजणारी पदवीधर मंडळी आम्ही पाहिली आहेत. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा. माउलींनी दुष्टाचा वाकडेपणा जावा असे मागितले, दुष्ट जावा असे मागितले नाही. पसायदानातली ही केवढी गोष्ट, आणि एका शब्दाची ओळख सुटली की ती शंभरदा म्हणूनही हाती लागत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची. सातशे वर्षांत पुष्कळ शब्द असे निसटले. टीपा पाहाव्यात, विचारावे, त्यात लाज नाही.

पण टीपा पाहून जे सुटत नाही, ते आता सांगतो. यात चूक आमची आहे.

जनाबाईंचा एक अभंग आहे. डोक्यावरचा पदर खाली आला आहे, हाती टाळ आणि खांद्यावर वीणा घेऊन मी भर बाजारातून जाणार आहे, मला कोण अडवतो ते पाहते, असा त्याचा आवेश आहे, आणि शेवटी त्या देवाला सांगतात की मी आता वेसवा झाले. वेसवा म्हणजे वेश्या. नामदेवांच्या घरची ही दासी, संतमंडळीत जिचे नाव आदराने घ्यावे अशी, ती स्वतःला हा शब्द लावते.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात आम्ही हा अभंग सेवेला घ्यायचे ठरविले होते. आदल्या दिवशी तसे बोलूनही दाखविले होते. प्रत्यक्ष उभे राहिलो तेव्हा समोर बाया पुष्कळ, लेकीसुना, शाळेतल्या मुली. मनात आले, हा शब्द यांच्यापुढे कसा उच्चारावा? व्यंग्यार्थ समजावून सांगूच, पण आधी वाच्यार्थ कानावर पडणार, त्याचे काय? आम्ही ऐनवेळी दुसरा अभंग घेतला. कीर्तन चांगले झाले, असे लोकांनी सांगितले.

रात्री मंडप रिकामा झाल्यावर एक आजी काठी टेकत आल्या. पाया पडायला लागल्या म्हणून आम्ही मागे सरलो. त्या म्हणाल्या, 'बुवा, जनाबाईचा अभंग म्हणणार हुता न्हवं?'

आम्ही म्हटले, 'होय आजी. पण आयाबाया बसल्या होत्या, म्हणून बदलला.'

'अवो, आयाबायांचाच तर हाय त्यो.'

आम्ही काहीच बोललो नाही. त्याच पुढे बसून बोलू लागल्या. मालक गेले तेव्हा वय तीसच्या आत. मूल नाही. दिराच्या घरी राहायचे, शेतात राबायचे. चार वर्षांनी माळ घातली आणि कोणाला न विचारता दिंडीबरोबर चालू लागल्या. एकटी बाई, परक्या बाप्यांबरोबर वीस दिवस, रात्री कुठे निजते, कुणाबरोबर निजते! गावात बोलणे उठले. 'मला गावानं त्योच शब्द लावला हुता, बुवा. परत आले तर दारात उभी राहूनश्यान जाऊबाई म्हनली, आली का वेसवा पंढरीची. लई रडले. मग कुनीतरी मला जनाबाईचा त्यो अभंग सांगितला. म्हनलं, बाई गं, तू तर आदीच घेऊन बसलीस ह्यो शब्द. मग मला कुनी काय म्हनायचं ऱ्हायलंच न्हाई.'

आम्ही काव्यशास्त्र शिकलेले. आनंदवर्धनाचा दृष्टान्त मुलांना शिकविलेला, की ज्याला उजेड हवा त्याने दिव्याची वात नीट राखावी, त्याप्रमाणे ज्याला ध्वनी हवा त्याने वाच्यार्थाची काळजी घ्यावी. शिकविला होता, आणि त्याच रात्री स्वतः वात विझवून बसलो होतो. 'वेसवा' हा शब्द सौम्य करून, 'लोकलज्जा सोडलेली भक्त' असा गुळगुळीत करून सांगितला असता, तर त्या आजींच्या काय उपयोगाचा होता? जाऊबाईने त्यांना लोकलज्जा सोडलेली भक्त म्हटले नव्हते. जो धोंडा त्यांच्या अंगावर पडला, तोच्या तोच धोंडा जनाबाईंनी उचलून आपल्या डोक्यावर घेतला होता, म्हणून आजींचे ओझे उतरले. वाच्यार्थ जितका जड, तितकाच व्यंग्यार्थ इथे मोकळा करणारा आहे.

आणि पदर. ज्या मुलखात बाईच्या डोक्यावरचा पदर म्हणजे घराण्याची अब्रू, तिथेच त्याचे खाली येणे हे वाक्य होते. दुसऱ्या भाषेत नेऊन 'ओढणी सरकली' असे केले तर वाऱ्याने सरकली की काय असे वाचणाऱ्याला वाटेल. भाषांतर करणाऱ्याने तिथे दोन ओळी खर्चून ही वहिवाट सांगितली पाहिजे. जिला कुळ नाही, घर नाही, जिच्यावर कोणा एकाची मालकी नाही, तिला कोणती इज्जत जायची भीती? दासीपणात जन्म काढलेल्या बाईने हे म्हटले आहे, हेही विसरून चालणार नाही. एखाद्या सरदाराच्या कन्येने हाच शब्द उच्चारला असता तर त्याचा ध्वनी निराळा झाला असता.

आजींना आम्ही विचारले, तुम्हांला तो अभंग कोणी सांगितला? म्हणाल्या, दिंडीतल्याच एका बाईने, वाखरीच्या मुक्कामाला, भाकऱ्या थापता थापता. तिचे नावही त्यांना आठवत नव्हते. तुकोबारायांनी देवाकडे सज्जनांची जी संगत मागितली ती ही, असे आम्हांला त्या वेळी वाटले.

पुढच्या वर्षी त्याच गावच्या सप्ताहात आम्ही तोच अभंग घेतला. शब्द होता तसा उच्चारला, दोनदा उच्चारला. मुली ऐकत होत्या. कोणी उठून गेले नाही. आजी पहिल्याच रांगेत होत्या. दुसरे कडवे लागले तेव्हा त्यांनी टाळकऱ्यांकडे पाहून हाताने खूण केली, चाल जरा संथ धरा.